पाय देवाने धरला नव्हता

"काका, दोष तुमच्या पायात नाही. रक्तात आहे, आणि जन्मापासून आहे. बहुतेक तुमच्या वडिलांकडून आलाय."

डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. धाप लागली म्हणून परत बसलो, पण उठलो होतो हे खरं. माझ्या बापाने सगळा जन्म मिठागरात काढला. टाचांना भेगा पडून त्यात मीठ जायचं, तरी कधी हाय म्हणाला नाही. त्याचं रक्त खराब, असं माझ्या पोरीच्या वयाची बाई वाशीच्या इस्पितळात गार हवेत बसून मला सांगत होती.

मी म्हणालो, "बाई, मेलेल्या मानसाला नाव ठेवू नका."

ती म्हणाली, "नाव नाही ठेवत, काका. कारण सांगते. राग आला असेल तर राग करा, पण ऐकून घ्या."

मी चौथी शिकलेला माणूस आहे. तरी हे लिहायला बसलो, कारण आमच्यासारख्यांना कोणी नीट सांगत नाही, आणि जे सांगतात ते चुकीचं सांगतात. तुमच्या घरात कोणाचा पाय कारण नसताना सुजला असेल, तर पुढचं वाचा. माझ्या रागाकडे लक्ष देऊ नका. तो मला पहिल्यापासून आहे.

आमचं गाव खाडीकाठचं. आता चारी बाजूंनी टॉवर झालेत आणि गाव मधे खड्ड्यात राहिल्यासारखं दिसतं, पण आमच्या आधी इथे कोणी नव्हतं. आमच्या घराबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. माझ्या आजोबाने गावदेवीच्या जागेतलं झाड तोडलं, तेव्हापासून देव आमच्या घरातल्या बाप्यांचा पाय धरतो. आजोबाचा धरला. माझ्या बापाचा धरला, आणि महिन्याभरात तो मिठागराच्या बांधावर बसल्या जागी गेला. माझा धाकटा भाऊ काशिनाथ, त्याचा पाय सुजला आणि एका हळदीत नाचता नाचता तो खाली पडला. पाणी आणेपर्यंत संपला. लोक म्हणाले, देवाने नेला.

म्हणून आमच्यात रीत आहे. पाय सुजला की गावदेवीला कोंबडा द्यायचा, पोटरीला काळा दोरा बांधायचा आणि गरम तेलाने पाय चोळून घ्यायचा. चोळायचं वरून खाली, म्हणजे जे धरलंय ते तळव्यातून निघून जातं.

माझा उजवा पाय सुजला तो भावकीबरोबर कुलदेवीला जाऊन आल्यावर. गाडीत पाय दुमडून बसलो होतो, वाटलं मुंग्या आल्या असतील. घरी आलो तर पोटरी कलिंगडासारखी टणक. त्वचा तुकतुकीत, हात लावला तर गरम. आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, नस चढली आहे, आराम करा. त्याने पायाला हातसुद्धा लावला नाही. टेबलापलीकडून बघितलं आणि गोळ्या लिहिल्या. मग रीतीप्रमाणे कोंबडा झाला, दोरा झाला, आणि आमच्याच भावकीतला एक जण येऊन पाय चोळून गेला. त्याने ताकदीने चोळला. मी दात आवळून बसलो, कारण तो सारखा विचारत होता, दुखतंय काय दादा, आणि मला नाय म्हणायचं होतं.

सूज मांडीपर्यंत चढली तेव्हा माझ्या मुलाने, रूपेशने, मला गाडीत घातला. वाशीला पायाची डॉपलर केली. पोटातल्या पोराचं बघतात तसलंच यंत्र असतं, पण पायावर फिरवतात, आणि रक्त कुठे वाहतंय आणि कुठे थांबलंय ते दिसतं. माझं थांबलं होतं. याला म्हणतात डीप व्हेन थ्रॉम्बोसिस. पायात आत खोल जी शीर असते, तिच्यात रक्ताची गाठ धरते. तिथल्या डॉक्टरने पायावरच्या तेलाचा वास घेतला आणि विचारलं, चोळलं काय? मग तो रूपेशला बाहेर घेऊन जाऊन ओरडला. मला काचेतून दिसत होतं. चोळल्याने ती गाठ सुटली असती तर शिरेतून वर जाऊन फुफ्फुसात अडकली असती आणि मी तिथेच गेलो असतो. मला तो राग समजला. पण ओरडायचं तर माझ्यावर ओरड की. पाय माझा होता.

मग काही महिने रक्त पातळ करायची गोळी. ती बंद केली, कारण डॉक्टरच म्हणाले, प्रवासामुळे झालं होतं, आता पुरे. वर्ष झालं नसेल तर डावा पाय सुजला. या वेळी प्रवास नाही, पडणं नाही, काही नाही. अंगणात बसलो होतो.

तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरने गोळी परत चालू केली आणि रक्ताची मोठी तपासणी करायला पाठवलं. नळ्या भरभरून रक्त घेतलं. रिपोर्ट आला तर तोच म्हणतो, यातलं काही खरं धरता येत नाही, कारण तुम्ही वॉर्फरिन घेताय. वॉर्फरिन म्हणजे तीच रक्त पातळ करायची गोळी. ती चालू असताना प्रोटीन सी आणि प्रोटीन एस या दोन गोष्टी रक्तात आपोआप कमी दिसतात. मी म्हणालो, गोळी तुम्हीच दिली, रक्त तुम्हीच काढायला लावलं, मग आधी ठाऊक नव्हतं काय? तो म्हणाला, पुढे बघू. ते पुढे कधी आलं नाही. म्हणून सांगतो, ही तपासणी करायच्या आधी तोंड उघडून विचारा, की माझी गोळी चालू आहे, आता केलेली चालेल काय? डॉक्टरला विचारल्याने त्याचा अपमान होत नाही, आणि झाला तर होऊ द्या.

गोळी मी पुढे घेतली, पण मनापासून नाही. एक तर सारखी सुई टोचून आयएनआर बघायचा. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा तो आकडा. कमी आला तर गाठीची भीती, जास्त आला तर रक्त वाहायची भीती. वर पालेभाजीने गोळीचा असर बदलतो, म्हणून ती आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही असं चालत नाही, रोज सारखी खायची. त्यात गावात लोक विचारायचे, दादा, रक्त पातळ झालं काय तुमचं? आमच्याकडे पातळ रक्ताचा म्हणजे ज्याच्यात दम नाही असा माणूस. मी एक दिवसाआड घ्यायला लागलो. मग आठवण येईल तेव्हा.

तिसऱ्या वेळी गाठ फुफ्फुसात गेली. पल्मोनरी एम्बॉलिझम म्हणतात. मला वाटलं कोणीतरी छातीवर मिठाची गोण टाकली. आयसीयूतून बाहेर आलो तेव्हा रक्ताच्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा भेटल्या. त्यांनी वॉर्फरिन थांबवून पोटावर टोचायचं इंजेक्शन चालू केलं, अंगातला गोळीचा असर जाऊ दिला, चांगली वाट बघितली आणि मगच रक्त घेतलं. वाट बघायचं कारण पण समजावलं. एवढ्या वर्षांत समजावणारं पहिलं माणूस.

त्याच रिपोर्टच्या दिवशी त्यांनी माझ्या बापाचं नाव काढलं आणि मी उठून उभा राहिलो.

राग शांत झाल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. माझ्या रक्तात प्रोटीन एस जन्मापासून कमी आहे. याला प्रोटीन एस डेफिशियन्सी म्हणतात. रक्ताला गोठावं लागतं, नाहीतर साध्या जखमेने माणूस मरेल. पण गोठलेलं पुरे, आता थांब, असं सांगणारं पण काहीतरी लागतं. ते माझ्याकडे अर्धंच आहे.

मला मिठागरावरून समजलं. भरतीचं पाणी आत घेतलं की उघाडी, म्हणजे बांधातलं दार, ते नीट चालावं लागतं. दार अडलं आणि पाणी साचून राहिलं की नको तिथे मीठ धरतं. माझी उघाडी जन्मापासून अडलेली. मी हे बोललो तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी हे पुढच्या पेशंटला सांगितलं तर चालेल ना?" मी म्हणालो, सांगा, पण मिठागर कसं असतं ते आधी दाखवावं लागेल त्याला.

दुसरी गोष्ट होमोसिस्टीन. आपण जे खातो त्यातून रक्तात एक टाकाऊ माल तयार होतो. बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व असलं की तो साफ होतो. नसलं की साठतो आणि शिरांची आतली बाजू खरबरीत करतो, मग गाठ धरायला अजून एक निमित्त. माझ्यात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच. त्यांनी विचारलं, तुम्ही आगरी ना, मासे खात असाल की?

माझी बायको कोपऱ्यात बसली होती. ती फस्सकन हसली.

मी मासळी सोडून फार वर्षं झाली. खाडीत कंपन्यांचं पाणी यायला लागलं त्या काळात एकदा ताटातल्या बोयट माशाला रॉकेलसारखा वास आला. आमच्या जमिनी घेतल्या, मिठागर घेतलं, आणि आता जेवणात पण तुमचं रॉकेल? मी ताट अंगणात फेकलं आणि सगळ्यांसमोर बोललो, आजपासून मासळी नाय, मटन नाय, काय नाय. भावकी म्हणाली, आठ दिवस टिकेल हे. म्हणून मी कायमचं सोडलं. दूध मला लहानपणापासून चालत नाही, चहा कोरा. घरातल्या हळदीला सगळे मटणावर तुटून पडले तेव्हा मी भाकरी आणि डाळ खाल्ली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खायला लागा. मी म्हणालो, नाही. त्यांनी वाद घातला नाही, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिली. ती मी घेतो. मासळी अजून खात नाही.

मग त्यांनी विचारलं, मुलं किती? रूपेशचं नाव सांगितलं. म्हणाल्या, त्याचं रक्त तपासू. अजून कोणी?

मी म्हणालो, "मुलगी हाय, वनिता, उरणला दिलेली. पन तिचा काय संबंध नाय. आमच्यात हे बाप्यांनाच होतं."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

झाडाची गोष्ट मी बोललो नाही.

त्या म्हणाल्या, हा दोष मुलीला पण तेवढाच जातो. अर्धा चान्स मुलाला, अर्धा मुलीला. आणि बाईला धोका जास्त, कारण पोटुशी असताना आणि बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं. मग त्यांनी विचारलं, मुलीला मुलं किती?

वनिताला मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले. एकदा पाचव्यात गेलं, एकदा सातव्यात, हातपाय नखं सगळं असलेलं. उरणला तिच्या सासरी बोलणी बसली. आमच्या घरातल्या बायकांनी पण कमी बोल लावले नाहीत. हिच्या पोटाला उष्णता आहे, हिने ग्रहणात कापलं असेल, हिला नजर आहे. मी ते सगळं बायकांचं म्हणून सोडून दिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही महिने कागदावर लिहून घेतले. मग म्हणाल्या, "तिला सांगा, पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच माझ्याकडे यायचं. उशीर करायचा नाही."

कोपऱ्यातून बायको म्हणाली, "तिला चौथा चालू हाय."

मी वळून बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, डॉक्टरीणबाईंकडे बघत होती. "पाचवा लागेतवर कोनाला सांगायचं नाय असं ठरवलेलं. दोनदा नजर लागली म्हनून. यांना पन नाय सांगलं. यांच्या तोंडात ऱ्हात नाय काय."

चाळीसहून जास्त वर्षांचा संसार, आणि माझ्या पोरीच्या पोटात पोर आहे हे मला इस्पितळात परक्या बाईसमोर कळलं. मला इतका राग आला की कोणावर काढावा ते सुचेना. म्हणून कोणावरच काढला नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, उद्या आणली तर बघाल?

त्या म्हणाल्या, "आज आणा."

रूपेशने गाडी काढली. फोन करू नको म्हणून मी दोघांनाही बजावलं. फोन केला असता तर तिकडे आधीच नाही म्हणायची तयारी झाली असती.

उरणला विहीणबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. माझे जावई, निलेश, कंटेनर यार्डात कामावर. चहा विचारायच्या आधीच मी सगळं बोलून टाकलं. कसं बोललो मला ठाऊक आहे. मला हळू बोलता येत नाही.

विहीणबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "दादा, तुमच्या घराचा पाय देवानं धरलाय ते सगल्या तालुक्याला ठाव हाय. तो तुमच्या घरी. आमच्या घरात नाय आनायचा."

"देवानं नाय धरला. रक्त हाय. ते पोरीत गेलंय, तुमच्याच घरात हाय आता."

"आनि काय करतील? सुई?"

"रोज एक. पोटात."

"पोर पोटात नि वरनं सुई? कसाई हाव काय आमी?"

इथे माझं डोकं गेलं. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं लिहितो, की मी म्हणालो, दोन पोरं गेली तेव्हा बोल माझ्या पोरीला लावलात. आता कळलं की तिची चूक नव्हती, तिला ते माझ्याकडून आलं. तर मला लावा बोल, हा बसलोय ओट्यावर. तिसरं गेलं तर मात्र मी ऐकून घेणार नाही. विहीणबाई म्हणाल्या, इतकी वर्सं कुठं होतात मग? तो प्रश्न बरोबर होता, म्हणून मला अजून राग आला. माझी बायको मधे पडली तर तिलाही दोघांनी गप्प केली.

तेवढ्यात वनिता बाहेर आली. साडी बदललेली, हातात पिशवी, पायात चपला. ती म्हणाली, "बाबा, भांडन येऊन करा." मग सासूला म्हणाली, "आई, भात चुलीवर हाय, बघा. मी जातंय."

आणि गाडीत जाऊन बसली. ती पूर्ण रस्ता पदराखाली पोटावर हात ठेवून बसली होती.

निलेश कामावरचे बूट घालूनच इस्पितळात आला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून सांगितलं, की पोटुशी असताना प्रोटीन एस सगळ्याच बायकांचं कमी होतं, म्हणून आता तिचा आकडा बघून काही कळणार नाही. तिची दोन बाळं गेली आणि वडिलांना तीनदा गाठ झाली, एवढं मला पुरे आहे. रक्त पातळ करणारं हेपारिनचं इंजेक्शन रोज, बाळंतपणापर्यंत आणि नंतर सहा आठवडे. ते बाळापर्यंत जात नाही. गोळी मात्र या दिवसांत चालत नाही, म्हणून सुईच. मग म्हणाल्या, "हमी देत नाही. प्रयत्न देते."

निलेशचं तोंड पडलं. मला ते बोलणं आवडलं. हमी देणारे मी पुष्कळ बघितले. कोंबडा घेणाऱ्याने दिली होती, गल्लीतल्या डॉक्टरने पण दिली होती.

पुढचे महिने मी कसे काढले ते विचारू नका. तिच्या तपासण्या आणि माझ्या तपासण्या, बाकडी तीच. नंबर येऊन गेला तरी नाव पुकारत नाहीत म्हणून मी खिडकीवरच्या मुलीशी भांडलो. एसी बंद करत नाहीत म्हणून वॉर्डबॉयशी भांडलो. पाचवा महिना आला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही, पण झोपलो पण नाही. सातवा आला तेव्हा तर बायको म्हणाली, तुमी बाहेर बसा, तुमच्याकडं बघून मना धडकी भरतंय. माझी गोळी तपासणीनंतर परत चालू झाली होती, ती त्या काळात मी एकदाही चुकवली नाही. पोरीला रोज सुई आणि बापाला गोळी जड, हे कोणत्या तोंडाने?

मधे गावदेवीच्या पालखीला भावकी जमली तेव्हा मी उभा राहून सगळ्यांसमोर बोललो. पाय देवाने धरला नाही, रक्त तपासा, पोरींचं पण तपासा, आणि सुजलेला पाय कोणी चोळायचा नाही. कोणी हसले. ज्याने माझा पाय चोळला होता तो उठून गेला. एक चुलतभाऊ म्हणाला, दादा आयसीयूत शाळा शिकून आला. हसू दे. काशिनाथच्या थोरल्या पोरीने चार दिवसांनी रूपेशला फोन करून डॉक्टरीणबाईंचा पत्ता घेतला. तिच्या रक्तात पण प्रोटीन एस कमी निघालं. ती गर्भ न राहायच्या गोळ्या खात होती, त्या लगेच बंद केल्या. बाईला हा दोष असला तर त्या गोळ्यांनी गाठ धरायचा धोका वाढतो. हे ठाऊक नसलेल्या किती पोरी असतील, विचार करा.

वनिता बाळंत झाली. दिवस थोडे आधी, पण ठणठणीत. मुलगी. मी काचेतून बघितली. तोंड लाल करून ती सगळ्या जगावर ओरडत होती. नर्स म्हणाली, आजोबांवर गेली.

त्या मुलीत तो दोष आला की नाही ते अजून ठाऊक नाही. मोठी झाली की तपासतील. मला विचाराल तर लपवू नका. आमच्या घरात लपवून लपवून तीन बाप्ये आणि दोन बाळं गेली.

बाळ घरी आल्यावर मी उरणला गेलो. विहीणबाईंनी ओट्यावर खुर्ची टाकली. आमचं त्या दिवसानंतर कामापुरतंच बोलणं होतं. त्या म्हणाल्या, देवीला कोंबडा बोलले होते, रविवारी देऊन आले, देवीनंच राखलं. माझ्या कपाळाची शीर उडाली. एवढ्या महिन्यांच्या सुया, एवढ्या चकरा, आणि नाव कोंबड्याचं.

मी म्हणालो, "द्या कोंबडा. दोन द्या. पन पोरीची सुई सहा आठवडे होईतवर हाय, ती चुकवायची नाय. आता कौतुकात कोनाच्या ध्यानात ऱ्हानार नाय."

त्या म्हणाल्या, "ती मीच देतंय."

मला समजलं नाही. वनिता आत बाळाला पाजत होती, ती तिथूनच हसून म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवसापासून आईच देतात. मला टोचून घ्यायला जमायचं नाय. त्यांनी नर्सकडून शिकून घेतलं. मी नको बोलले तर मलाच ओरडल्या."

विहीणबाई माझ्याकडे न बघता तांब्या घासत होत्या. सुईचं ऐकून त्या 'कसाई हाव काय आमी' म्हणाल्या होत्या आणि मी ओरडलो होतो, त्याच ओट्यावर. माफी मागायची मला सवय नाही. त्यांनाही ऐकायची नसावी, कारण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तांब्या पाण्याने भरून माझ्यासमोर ठेवला.

"दादा, तुमची गोळी घेतलीत आज?"

प्रवासाच्या गडबडीत घेतली नव्हती. खिशात होती. काढली आणि त्यांच्या देखत घेतली.